सल्ला खाणाऱ्याला, मोकळीक उत्पादकाला

मधुमेह होण्याआधीच तो रोखता येतो का, या प्रश्नाचे ठोस उत्तर देणाऱ्या मोजक्या चाचण्यांपैकी एक अमेरिकेत २७ केंद्रांवर झाली. तिच्यात ३,२३४ माणसे होती. त्यांच्या रक्तातली साखर वाढलेली होती, पण मधुमेहाची रेषा त्यांनी अजून ओलांडलेली नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगावर सोपवून त्यांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटाला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली आणि तिसऱ्याला आहार व व्यायाम बदलण्याच्या कार्यक्रमात घेतले. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सरासरी २.८ वर्षांच्या काळात औषधाने नव्या मधुमेहाचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटवले होते, तर जीवनशैलीच्या कार्यक्रमाने ५८ टक्क्यांनी. हा ५८ चा आकडा तेव्हापासून सतत उद्धृत होतो आणि त्याचा अर्थ असा लावला जातो की, माणसाने मनावर घेतले तर औषधापेक्षा मोठे काम तो स्वतःच करू शकतो.

या चाचणीची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. गोळ्या घेणाऱ्या दोन्ही गटांनाही जीवनशैलीविषयीचा सल्ला मिळालेला होताच. आहार, वजन आणि व्यायाम यांविषयीची लेखी माहिती त्यांच्या हाती दिली होती आणि वर्षातून एकदा वीस ते तीस मिनिटे समोर बसवून तिचे महत्त्व समजावूनही सांगितले होते. तिसऱ्या गटाला मिळाले ते याहून फार वेगळे होते. पहिल्या २४ आठवड्यांत १६ धडे, तेही एकेकाला स्वतंत्रपणे, नेमून दिलेल्या मार्गदर्शकाकडून. वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतक्या हालचालीचे उद्दिष्ट. आणि त्यानंतरही साधारण दरमहा भेट. म्हणजे दवाखान्यात आणि वर्तमानपत्रांत ज्याला आपण ‘जीवनशैली सुधारण्याचा सल्ला’ म्हणतो, तो या चाचणीत तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या वाट्याला आलेला होता. ५८ टक्क्यांचा फरक पडला तो असा सल्ला मिळालेल्या माणसांच्या तुलनेत.

आहार, जीवनशैली आणि दीर्घकालीन आजार यांच्या संशोधनातून गेल्या पाऊणशे वर्षांत थोडे, पण खरोखर भक्कम ज्ञान हाती आले आहे. त्याचा पहिला उपयोग अन्न तयार करण्याच्या नियमांत, करांच्या रचनेत आणि आरोग्यसेवेच्या उभारणीत व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे. प्रत्यक्षात भक्कम आणि कच्चे असे सगळेच निष्कर्ष एकाच सुरात, एकट्या माणसाला उद्देशून, उपदेश म्हणून सांगितले जातात. त्यात कच्च्या निष्कर्षांना नको तेवढे वजन येते, पक्के निष्कर्ष हवे तिथे पोहोचत नाहीत आणि आजारी माणसाच्या पदरी मात्र अपराधीपणा पडतो.

‘जोखीम घटक’ ही कल्पना रुळली ती फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासामुळे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या गावातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी करून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा सुरू झाला. त्यातून १९६१ मध्ये विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्यांचा रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आधीपासून जास्त होते त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण पुढे जास्त निघाले. हे विधान मुळात एका समूहाविषयीचे आहे. जास्त रक्तदाब असलेल्या हजार माणसांत इतरांपेक्षा अधिक जणांना झटका येईल, एवढेच ते सांगते. त्या हजारांतल्या कोणत्या माणसाला येईल हे ते सांगत नाही. वैद्यकाला हा फरक पक्का ठाऊक असतो. तरीही निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत समूहाची ही संख्या व्यक्तीचा स्वभावदोष होऊन बसते.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये तंबाखूचा प्रश्न सुटत होता. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला आणि १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचाच पाठपुरावा सुरू केला. ३४,००० हून अधिक पुरुष डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून २००४ मध्ये असे मांडले गेले की, आयुष्यभर धूम्रपान करणारे सरासरी सुमारे दहा वर्षे आधी मरण पावतात. कोणालाही मुद्दाम सिगारेट ओढायला लावण्याची चाचणी कधी झाली नाही, करता येणारही नव्हती. निरीक्षणावरूनच निष्कर्ष काढला गेला आणि तो अचूक ठरला.

मग आहाराबाबत निरीक्षण इतके का चकवते? तंबाखूच्या बाबतीत परिणाम प्रचंड होता. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग दहापट, वीसपट आढळत होता. शिवाय आपण दिवसाला किती सिगारेटी ओढतो हे माणसाला नेमके सांगता येते आणि सिगारेट अजिबात न ओढणारे लोकही तुलनेसाठी मुबलक असतात. अन्नाच्या बाबतीत यांतले काहीच नाही. न खाणारा माणूस नसतो. एक पदार्थ सोडला की त्याची जागा दुसरा घेतो, त्यामुळे पहिला सोडल्याचा परिणाम की दुसरा घेतल्याचा, हे वेगळे करणे कठीण होते. आणि परिणाम मोजला जातो तो बहुधा दहा-वीस टक्क्यांचा.

आहाराची माहिती गोळा कशी करतात हेही एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. मोठ्या अभ्यासांत लाखभर माणसांना प्रश्नावली पाठवली जाते. तिच्यात शंभर-सव्वाशे पदार्थांच्या ओळी असतात. गाजराची ओळ घ्या. गेल्या वर्षभरात तुम्ही सरासरी किती वेळा गाजर खाल्ले, असा प्रश्न असतो आणि उत्तरासाठी नऊ चौकोन: कधीच नाही किंवा महिन्यातून एकदाहून कमी, महिन्यातून एक ते तीन वेळा, आठवड्यातून एकदा, आठवड्यातून दोन ते चार वेळा, आठवड्यातून पाच ते सहा वेळा, दिवसातून एकदा आणि असेच पुढे दिवसातून सहा किंवा अधिक वेळा इथपर्यंत. वर्षातले काही महिने रोज आणि उरलेले महिने अजिबात नाही असे खाणाऱ्याने कोणता चौकोन भरावा? दुसऱ्या कशात मिसळून पोटात गेलेले गाजर त्याने कसे धरावे? एक ओळ भरताना एवढे अडखळायला होते, तर शंभराव्या ओळीपर्यंत माणूस अंदाजानेच खुणा करत जातो. यात त्याचा काही दोष नाही.

या उत्तरांची पारख करण्याचा एक चांगला मार्ग आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी प्यायला देऊन पुढच्या दिवसांतल्या लघवीच्या नमुन्यांवरून शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे अचूक काढता येते. वजन स्थिर असेल तर खाल्लेली ऊर्जाही तेवढीच असली पाहिजे. या पद्धतीने पडताळल्यावर पुन्हा पुन्हा असे दिसले की, लोक प्रत्यक्षाहून बरेच कमी खाल्ल्याचे सांगतात आणि ज्यांचे वजन जास्त त्यांच्या सांगण्यातली तूट अधिक असते. म्हणजे चूक सगळीकडे सारखी विखुरलेली नसते. ती नेमकी आजाराशी जोडलेल्या दिशेने झुकते. अशी चूक माणसांची संख्या वाढवून निघत नाही. पाच लाख लोकांचा अभ्यास पाच हजारांच्या अभ्यासाइतकाच वाकडा असू शकतो, फक्त त्याचा आकडा अधिक ठाम दिसतो.

याची किंमत मोजावी लागल्याचे ठळक उदाहरण बीटा कॅरोटीन या भाज्या-फळांत आढळणाऱ्या द्रव्याचे आहे. भाज्या आणि फळे जास्त खाणाऱ्यांत, ज्यांच्या रक्तात बीटा कॅरोटीन जास्त आढळते त्यांच्यात, फुप्फुसाचा कर्करोग कमी होता हे अनेक अभ्यासांनी दाखवले होते. स्पष्टीकरणही तयार होते: हे द्रव्य पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवत असणार. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर याची रीतसर चाचणी झाली. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त झाला. हे १९९४ मध्ये कळले. अमेरिकेत धूम्रपानाचा किंवा ॲस्बेस्टॉसचा इतिहास असलेल्या १८,३१४ लोकांवर चालू असलेली दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण तिथे गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त निघाले. भाज्या खाणारी माणसे कमी धूम्रपान करतात, त्यांची सांपत्तिक स्थिती बरी असते, ती वेळच्या वेळी तपासण्या करून घेतात. या सगळ्याचे श्रेय एका द्रव्याच्या खात्यावर जमा झाले होते. त्या द्रव्याच्या गोळ्या हाती पडलेल्या माणसांनी ती चूक शरीराने भोगली.

मद्याबाबतही असेच घडले. बेताने पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी राहतात, असे कित्येक वर्षे सांगितले जात होते. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेलेही येतात, हा आक्षेप जुनाच होता. अलीकडे त्याची परीक्षा जनुकांच्या आधाराने झाली. काही लोकांच्या शरीरात मद्य पचवणारी विकरे जन्मतःच अशी असतात की, थोडे प्यायले तरी चेहरा लाल होतो, मळमळते आणि म्हणून ते कमी पितात. हा गुण जन्मापासूनचा असल्याने पुढच्या उत्पन्नाशी किंवा सवयींशी त्याची गल्लत होण्याचा संभव फार कमी. चीनमधील पाच लाखांहून अधिक प्रौढांच्या २०१९ च्या अभ्यासात अशी तुलना केली गेली, तेव्हा पक्षाघाताबाबतचा बेताच्या पिण्याचा फायदा नाहीसा झाला. जेवढे पिणे जास्त, तेवढा रक्तदाब जास्त आणि पक्षाघातही जास्त, असे सरळ चित्र उरले.

निष्कर्ष लोकांपर्यंत कसा पोहोचतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यात वैज्ञानिकांइतकाच दोष प्रसिद्धी करणाऱ्यांचाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू ज्या गटात आहे त्या गटात टाकले. हे गट पुरावा किती भक्कम आहे याचे आहेत, धोका किती मोठा आहे याचे नाहीत. तरीही मांस तंबाखूइतकेच घातक, असा अर्थ जगभर पसरला. संस्थेचा आकडा असा होता की, रोज ५० ग्रॅम असे मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, एखाद्या समाजात आयुष्यभरात शंभरांतल्या पाच जणांना हा कर्करोग होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे जवळपास सहा. एका माणसाच्या दृष्टीने हा बदल लहान आहे, कोट्यवधींच्या समाजासाठी तो मोठा आहे. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगितली पाहिजेत. सापेक्ष जोखीम सांगायची आणि मूळ जोखीम किती हे गाळायचे, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते, मग तिच्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल की मग आहाराविषयी काहीच खात्रीने कळलेले नाही, रोज नवे मत येते, तेव्हा वाटेल ते खावे. हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे आणि मला त्याची जास्त धास्ती वाटते, कारण तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांच्या हाती पैसा आणि प्रसिद्धीची साधने आहेत. साखर उद्योगाच्या एका संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन लिहवून घेतलेला आढावा १९६७ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. हृदयविकाराच्या संदर्भात त्याने साखरेवरची शंका हलकी केली आणि मेदावर बोट ठेवले. पैसे कोणाचे होते हे त्यात लिहिलेले नव्हते; ते उघड झाले २०१६ मध्ये. अनिश्चितता ही काही वेळा वस्तुस्थिती असते आणि काही वेळा विकत घेतलेली असते.

खात्रीचे ज्ञान आहे आणि ते कसे मिळाले हेही पाहता येते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४५९ लोकांना आठ आठवडे सगळे अन्न संशोधकांनीच पुरवले. मिठाचे प्रमाण सर्वांना सारखे ठेवले, वजनही बदलू दिले नाही. फळे, भाज्या आणि कमी मेदाचे दुग्धजन्य पदार्थ भरपूर असलेल्या गटात, ज्यांचा रक्तदाब आधीच वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा तुलनेच्या गटापेक्षा ११.४ मिलिमीटरने जास्त उतरला. एखाद्या औषधाने साधावा इतका हा फरक आहे. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटाने २० प्रौढांना चार आठवडे संशोधन रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे अन्न. समोर ठेवलेल्या ताटांत ऊर्जा, साखर, मेद, मीठ आणि चोथा यांचे प्रमाण शक्य तितके सारखे, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. वजन एका काळात सुमारे ०.९ किलो वाढले, दुसऱ्यात तेवढेच उतरले. माणसे तीच होती, त्यांची इच्छाशक्ती तीच होती, बदलले होते ते पुढ्यात आलेले अन्न. वीसच माणसे, चारच आठवडे, म्हणून यावरून सगळे ठरवता येणार नाही. पण प्रश्नावलीच्या शंभर अभ्यासांपेक्षा ही एक चाचणी मला जास्त काही सांगते.

ज्ञान भक्कम असेल तिथे काय करावे, याचा विचार ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये फार नेमकेपणाने मांडला. त्यांचे म्हणणे आकड्यांत असे दाखवता येईल. दहा हजारांच्या वस्तीत एक हजार माणसे जास्त जोखमीची आहेत आणि त्यांच्यातल्या दर शंभरांतल्या दहांना आजार होणार आहे, असे समजू. म्हणजे शंभर रुग्ण. उरलेल्या नऊ हजारांत शंभराला दोन एवढेच प्रमाण आहे, पण तिथून १८० रुग्ण येतात. डॉक्टर जास्त जोखमीच्या हजार जणांना शोधून, बोलावून, समजावून थकतात आणि तरीही बहुसंख्य रुग्ण ज्यांना कोणी कधी बोलावलेच नव्हते त्यांच्यातून येतात. सगळ्यांचीच जोखीम थोडीशी उतरवली तर अधिक आजार टळतो. मात्र त्यातल्या कोणाही एका माणसाला आपला फायदा झाल्याचे जाणवत नाही. म्हणून या मार्गाला मागणी नसते. ज्याला फायदा झाला तो आभार मानायला येत नाही आणि ज्याला तोटा झाला, म्हणजे ज्याचा माल बदलावा लागला, तो तक्रार करायला लगेच येतो.

ट्रान्स फॅटची हकीकत याच दृष्टीने पाहावी. वनस्पती तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट केले की हा मेद तयार होतो. १९९० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी अन्न मोजून देऊन दाखवले की, त्याने घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले कमी होते. पुढे मोठ्या पाठपुराव्याच्या अभ्यासांतही तीच दिशा दिसली. हा पुरावा हाती आल्यावर दोन मार्ग होते. एक म्हणजे माणसाला सांगायचे की, वेष्टनावरची बारीक अक्षरे वाच आणि ट्रान्स फॅट टाळ. डेन्मार्कने २००३ मध्ये दुसरा मार्ग घेतला: तेलात किंवा मेदात दर १०० ग्रॅममागे दोन ग्रॅमपेक्षा जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट नको, एवढाच नियम, आणि तो उत्पादकावर. खाणाऱ्याला काही शिकावे लागले नाही, काही लक्षात ठेवावे लागले नाही. शिकलेला आणि न शिकलेला, सुस्थितीतला आणि हलाखीतला, दोघांच्याही ताटातून तो मेद सारखाच गेला. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना यासाठी आवाहन केले ते २०१८ मध्ये. डेन्मार्कचा नियम आणि हे आवाहन यांच्यामध्ये १५ वर्षे गेली. त्या वर्षांत अनेक देशांतल्या लोकांना बारीक अक्षरे वाचण्याचा सल्ला मात्र अखंड मिळत होता.

ब्रिटनचा साखरी पेयांवरचा करही याच जातीचा आहे. तो २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. कर साखरेच्या प्रमाणानुसार टप्प्यांत होता: १०० मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, आठ ग्रॅमपासून पुढे सर्वाधिक. मधल्या दोन वर्षांत अनेक उत्पादकांनी पेयांतली साखर पाच ग्रॅमच्या खाली आणली. लोक तीच बाटली घेत राहिले आणि पोटात जाणारी साखर कमी झाली.

यावरचा सर्वात गंभीर आक्षेप स्वातंत्र्याचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. काय खावे हे सरकारने का ठरवावे? मला वाटते, हा प्रश्न विचारताना आपण गृहीत धरतो की आज ते माणूस स्वतःच ठरवतो. प्रक्रिया केलेल्या अन्नावर जगणाऱ्या देशांत पोटात जाणाऱ्या मिठापैकी बहुतांश मीठ स्वयंपाकात किंवा जेवताना घातलेले नसते. ते पदार्थ विकत घेतला तेव्हाच त्यात होते. ते किती असावे हे कोणीतरी ठरवलेलेच आहे, फक्त खाणाऱ्याने ठरवलेले नाही. हवे तर वरून मीठ घालण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. आधीच घातलेले काढण्याचे कोणालाच नाही. तेव्हा कारखान्यातल्या मिठाला मर्यादा घातल्याने माणसाचे स्वातंत्र्य उलट वाढते.

नियम करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक पथ्य मात्र कडकपणे पाळले पाहिजे. नियमाचा आवाका पुराव्याच्या पलीकडे जाता कामा नये. त्याच डेन्मार्कने २०११ मध्ये संपृक्त मेदावर, म्हणजे लोण्यात असतो तशा मेदावर, कर बसवला आणि पुढच्या सव्वा वर्षातच तो मागे घेतला. व्यापाराच्या आणि राजकारणाच्या कारणांचा त्यात मोठा वाटा होता. पण संपृक्त मेदाविरुद्धचा पुरावा, विशेषतः त्याच्या जागी काय खाल्ले जाते यावर तो किती अवलंबून आहे हे पाहता, ट्रान्स फॅटविरुद्धच्या पुराव्याइतका एकसंध कधीच नव्हता. कच्च्या पायावर केलेला एक नियम कोसळला की पक्क्या पायावरचे दहा नियमही संशयाखाली येतात. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ वर्षांच्या चाचणीत, एकूण मेद कमी करण्याच्या आहाराने हृदयविकारात किंवा स्तनाच्या कर्करोगात म्हणावा असा फरक पडला नाही. त्याआधी कितीतरी वर्षे ‘मेद कमी खा’ हे वाक्य अधिकाराने सांगितले जात होते. तो अधिकार त्या वाक्याने कमावलेला नव्हता.

फिनलंडमधील नॉर्थ करेलिया प्रांताचा दाखला या चर्चेत नेहमी येतो आणि तो योग्यच आहे, पण तो पूर्ण सांगायला हवा. १९७० च्या सुमारास तिथल्या पुरुषांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. लोकांनीच सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ पासून पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली धूम्रपान, मिठाचे प्रमाण, लोणी आणि रक्तदाब या सगळ्यांवर एकदम काम सुरू झाले. कामाचा भर डॉक्टरांच्या उपदेशावर नव्हता. दूध प्रक्रिया करणारे, मांसाचे पदार्थ बनवणारे, शाळा, महिलांच्या संघटना या सगळ्यांना त्यात ओढले गेले. पुढच्या काही दशकांत काम करण्याच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. मात्र तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या प्रांतातही मृत्यू बरेच घटले, कारण बदलाचे वारे प्रांताच्या सीमेवर थांबत नाहीत. त्यामुळे घसरणीतला नेमका किती वाटा या कार्यक्रमाचा, हे काटेकोरपणे सांगता येत नाही. मला यातून कार्यक्रम फसला असे दिसत नाही; मोजमापाची सोय आधीच नीट आखायला हवी होती असे दिसते.

ती आखता येते, हे चीनमधल्या मिठाच्या चाचणीने २०२१ मध्ये दाखवले. ६०० गावे, २०,९९५ माणसे; सगळी एकतर पूर्वी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीच्या पुढची आणि वाढलेल्या रक्तदाबाची. इथे चिठ्ठ्या माणसांच्या नावाने न टाकता गावांच्या नावाने टाकल्या गेल्या. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ राहिले, निम्म्या गावांत सुमारे तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ मोफत दिले. जवळपास पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. सोळा धडे नव्हते, दरमहा भेटही नव्हती. घरातल्या मिठाच्या जागी दुसरे मीठ आले, एवढेच. आहाराच्या प्रश्नावर सार्वजनिक पैसा खर्च करायचा असेल तर तो अशा चाचण्यांवर करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. गाव, शाळा, कामगारांचे भोजनगृह हे एकक धरावे, अन्नच बदलावे, आधी नोंदवलेल्या आराखड्याप्रमाणे आजार आणि मृत्यू मोजावेत.

आधी नोंदवण्याचा आग्रह किरकोळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने पैसे पुरवलेल्या औषधांच्या आणि पूरक आहारद्रव्यांच्या मोठ्या चाचण्या एका आढाव्यात तपासल्या गेल्या. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत मुख्य निष्कर्षावर फायदा दिसला होता. २००० नंतरच्या, म्हणजे काय मोजणार हे आधी जाहीर करणे सक्तीचे झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त दोनांत. यावरून आधीच्या सगळ्या चाचण्या खोट्या होत्या असे कोणी म्हणू नये. पण बाण मारल्यावर त्याभोवती वर्तुळ काढण्याची मुभा गेली की यश किती उरते, याचा अंदाज येतो. आहाराच्या पाठपुराव्याच्या अभ्यासांना ही सक्ती आजही लागू नाही. ती लागू व्हावी. आणि निष्कर्ष प्रसिद्ध करताना मूळ जोखीम, बदललेली जोखीम आणि आहार मोजण्याची पद्धत या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदात याव्यात, अशी अट संशोधन संस्थांनी आपल्याच प्रसिद्धी विभागांवर घालावी.

मिठाच्या त्या चाचणीविषयी एक गोष्ट नियम करणाऱ्यांनी दुर्लक्षू नये. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्या माणसांना तिच्यात घेतलेले नव्हते, कारण अशा शरीरात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे सगळ्यांचे मीठ बदलण्याआधी अशी माणसे किती आहेत, त्यांतल्या किती जणांना आपला आजार माहीत आहे आणि त्यांना नेहमीचे मीठ वेगळे कसे मिळत राहील, याची व्यवस्था करावी लागेल. तपासणीची सोय जिथे तोकडी आहे तिथे ही व्यवस्था आधी आणि नियम नंतर, असाच क्रम ठेवावा लागेल. त्या तपासणीचा खर्च मीठ बदलण्याच्या खर्चातच पहिल्यापासून धरायला हवा.